एमिनेमचे नंतरचे अल्बम वरखाली का होतात, आणि त्यात पॉप हुकचा दोष किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकी रॅपर एमिनेमचे २०१० नंतरचे अल्बम लावले की चार-पाच गाणी अंगावर येतात, बाकीची पुढे ढकलावीशी वाटतात. लोक याचं खापर पॉप गायक-गायिकांच्या कोरसवर फोडतात, ते खरं का? आणि तुम्ही स्वतः मराठीत रॅप करता, पाच गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, करताय, त्यातल्या एका गाण्यात गायिकेचा हुक, म्हणजे परत परत येणारा गायलेला भाग, घ्यावा की नाही?

माझं काम रॅपचे बीट बसवणं आणि मिक्स करणं, त्यामुळे मी हे गाण्याच्या आतल्या बाजूने सांगतो. मुळात हे दोन प्रश्न आहेत. गाणं फसतं का, हा एक. अल्बम फसतो का, हा दुसरा. गाणं फसतं तेव्हा बहुतेक वेळा हुक आणि व्हर्स (मधला रॅपचा भाग) एकमेकांचे नसतात. अल्बम फसतो तेव्हा गाणी कशी गोळा केली, किती ठेवली, यात घोळ असतो. पॉप हुक दोन्हीकडे दिसतो म्हणून तो लगेच पकडला जातो. ऐकणाऱ्याच्या अपेक्षेचाही भाग आहेच. २००० साली ‘द मार्शल मॅदर्स एलपी’ ज्याने कॅसेटवर झिजवला, त्याला पॉप गायिका रिहानाचा आवाज खटकणार. ज्याची सुरुवातच तिच्यासोबतच्या ‘लव्ह द वे यू लाय’पासून झाली, त्याला खटकणार नाही. ते वजा करूनही जे उरतं, त्याबद्दल लिहितो.

आधी एक गैरसमज. एमिनेम नंतर पॉपकडे वळला असं म्हणतात, पण ‘स्टॅन’ २००० सालचं आहे आणि त्याचा हुक म्हणजे ब्रिटिश गायिका डायडोच्या ‘थँक यू’चा सरळ उचललेला तुकडा. इतका मऊ, इतका रेडिओवर चालणारा हुक त्याने नंतरही क्वचितच घेतला. तरी ‘स्टॅन’मध्ये तो खटकत नाही. का, ते नीट बघू, कारण तुमच्या गाण्याचं उत्तरही त्यातच आहे.

‘स्टॅन’चा वेग सुमारे ८० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ८० ठोके. म्हणजे एक बार (चार ठोक्यांचं आवर्तन) तीन सेकंदांचा. बासची ओळ आणि गिटारचा तुकडा हुकखाली वाजतो तोच व्हर्सखालीही वाजतो. हुक आला म्हणून नवे ड्रम उसळत नाहीत, सिंथची भिंत उभी राहत नाही. डायडोच्या ओळीत पाऊस आहे, खिडकी आहे, भिंतीवरचा फोटो आहे; आणि व्हर्समध्ये पत्र लिहिणारा माणूस अशाच खोलीत बसला आहे. मागे पावसाचा आवाज, कागदावर पेन्सिलची खरखर. दुसऱ्या गाण्यातल्या ओळी या गोष्टीतली खोली होतात. हुकवरून व्हर्समध्ये येताना ऐकणारा त्या खोलीतून बाहेर पडतच नाही.

आता २०१७चा ‘रिव्हायव्हल’ घ्या. त्यात ‘इन युअर हेड’ आहे, आयरिश रॉक बँड द क्रॅनबेरीजच्या ‘झॉम्बी’वर बांधलेलं. ‘झॉम्बी’ हे १९९३च्या वॉरिंग्टन बॉम्बस्फोटात दोन मुलं गेली त्या दुःखातून आलेलं गाणं. त्याचा कोरस स्वतःचं ओझं घेऊनच येतो. एमिनेमच्या व्हर्समध्ये मात्र त्याचं स्वतःचं घर, स्वतःची प्रतिमा, त्या प्रतिमेतून सुटण्याची धडपड. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण हुक वाजला की कान मूळ गाण्याकडे जातो आणि व्हर्सला पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागते. त्याच अल्बममधल्या ‘रिमाइंड मी’त रॉक गायिका जोन जेटचं ‘आय लव्ह रॉक अँड रोल’ आहे. तिथेही हाच त्रास. सॅम्पल, म्हणजे जुन्या गाण्यातून उचललेला तुकडा, इतकं ओळखीचं की ऐकणारा मूळ ओळीची वाट बघत बसतो.

शब्द जुळले म्हणजे झालं, असंही नाही. ‘बॅड हजबंड’ ऐका. विषय माफीचा. व्हर्स घरातल्या आवाजात, जवळून बोललेला. हुकमध्ये एक्स अँबॅसडर्स या बँडचा गायक तेच दुःख गातो, पण स्टेडियमच्या आकारात: लांब रिव्हर्ब (घुमारा), पसरलेले आवाज, मोठे ड्रम. अर्थ एक, जागा दोन. दर वेळी तुम्हाला स्वयंपाकघरातून उचलून मैदानात नेऊन ठेवतात. याउलट २०१३च्या ‘द मार्शल मॅदर्स एलपी २’मधलं ‘हेडलाइट्स’. त्यातला पॉप गायक नेट रुसचा हुक पूर्ण पॉप आहे, पण तोही आईलाच उद्देशून आहे आणि व्हर्सही आईलाच. बोलणारा एक, ऐकणारी एक. म्हणून हुक कितीही गोड झाला तरी गाणं फुटत नाही.

‘लव्ह द वे यू लाय’ मी कायम उदाहरण म्हणून देतो, कारण ते ज्या पद्धतीने बनलं त्याच पद्धतीने पुढची कितीतरी गाणी बनली आणि फसली. निर्माता अ‍ॅलेक्स द किडचा बीट, त्यावर गायिका-गीतकार स्कायलर ग्रेने लिहिलेला हुक, तो तयार माल एमिनेमकडे गेला, मग त्याने व्हर्स लिहिले. त्याने व्हर्स मिशिगनमधल्या फर्नडेलला रेकॉर्ड केले, रिहानाने हुक डब्लिनला. एकत्र बसून केलेलं गाणं नाही. तरी ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सात आठवडे पहिलं राहिलं. ते टिकलं कारण हुक म्हणजे भांडणातली दुसरी बाजू आहे. व्हर्समधला पुरुष चिडत जातो आणि प्रत्येक वेळी तीच ओळ ऐकताना तिचा अर्थ जास्त भयंकर होतो. व्हर्स हुकला बदलतो. हुक आधी आला असेल, तर व्हर्सने एवढं काम करावंच लागतं. ‘रिव्हायव्हल’वर अ‍ॅलेक्स द किडचीच ‘नीड मी’ आणि ‘ट्रॅजिक एन्डिंग्ज’ आहेत. ‘नीड मी’ ऐकताना ते गायिका पिंकचं गाणं वाटतं आणि एमिनेम तिथे पाहुणा. तिसऱ्यांदा हुक येतो तेव्हाही तो पहिल्या वेळेइतकाच असतो. तिथे कंटाळा येतो आणि दोष पॉपला मिळतो.

आता रॅपचा भाग, याबद्दल फार कमी लिहिलं जातं. हिशोब साधा आहे. ८५ बीपीएमला एका बारला २.८२ सेकंद. त्यात सोळा बारीक घरं, म्हणजे सेकंदाला साधारण ५.७ अक्षरं बसतात, तीही प्रत्येक घर भरलं तर. चांगला रॅपर सगळी घरं भरत नाही. स्नेअरच्या (ड्रमच्या कडक ठोक्याच्या) आधी एखादं घर मोकळं सोडतो, ओळ समेच्या किंचित मागे टाकतो, तिथेच ठेका जाणवतो. ‘रॅप गॉड’चा वेग १४८च्या आसपास, तिथे तीच सोळा घरं सेकंदाला जवळपास दहा अक्षरं मागतात. त्या गाण्यात ते शोभतं, कारण गाण्याचा विषयच कसब आहे आणि बीटमध्ये मधे फारसं काही नाही. पण हीच घरं भरण्याची सवय मंद पियानोच्या गाण्यात शिरली की बिघडतं. ‘वॉक ऑन वॉटर’मध्ये बियॉन्से आहे, पियानो आहे, ड्रम नाहीत. ड्रम नसले की वेळ धरून ठेवायची जबाबदारी आवाजावर येते. एमिनेम तिथे तुटक तुकड्यांत बोलतो, तुकड्यांमधल्या जागा समान नाहीत, आणि पाय कुठे टाकावा ते ऐकणाऱ्याला कळत नाही. शब्द प्रामाणिक आहेत, मला ते मनापासून आवडतात. लय सुटते.

दुसरी गोष्ट ओरडण्याची. २०१०च्या ‘रिकव्हरी’पासून कितीतरी व्हर्स वरच्या पट्टीत, ताणून म्हटलेले आहेत. माणूस ओरडतो तेव्हा आवाजाची ताकद २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये गोळा होते. कानाला तोच भाग सर्वात जास्त टोचतो. इलेक्ट्रिक गिटार तिथेच, स्नेअरचा कडकपणा तिथेच, गायिकेच्या आवाजाची धार तिथेच. मग मिक्स करणारा कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं साधन) आवळतो, आवाज पुढे ठेवतो आणि सगळं गाणं एकाच उंचीवर सपाट होतं. त्यात एमिनेम आवाज डबल करतो, म्हणजे तीच ओळ पुन्हा म्हणून खाली लावतो. शांत व्हर्सला डबलमुळे वजन येतं. ओरडलेल्या व्हर्सला डबल लावला की कडा दुप्पट होतात. व्हर्स पूर्ण ताकदीवर असेल तर हुकला वर जायला जागाच उरत नाही. मग हुकमध्ये आणखी सिंथ, आणखी आवाज. भडक निर्मिती म्हणून जी टीका होते, तिची सुरुवात बऱ्याचदा व्हर्सच्या माइकपाशी झालेली असते.

म्हणूनच २०१८चा ‘कामिकाझे’ कानाला मोकळा वाटतो. त्यावर माइक विल मेड इट, टे कीथ अशा ट्रॅपवाल्या निर्मात्यांचे बीट आहेत; ट्रॅप हा रॅपचाच एक प्रकार. ट्रॅपची रचना बघा: ८०८ या ड्रम मशीनचा बास साधारण ४० ते १०० हर्ट्झमध्ये, हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) ८ किलोहर्ट्झच्या वर, आणि मधला सगळा पट्टा जवळपास रिकामा. तिथे आवाज आरामात बसतो. ‘रिव्हायव्हल’मधल्या रॉक सॅम्पलची गाणी याच्या नेमकी उलट, मधला पट्टा गिटारने भरलेला. निर्माता रिक रुबिनचं २०१३चं ‘बर्झर्क’ मात्र गिटार असूनही चालतं, कारण तिथे गिटार ठोशासारखी येते आणि थांबते. रॅप त्या थांब्यात घुसतो. रॉकचं सॅम्पल घेण्यात चूक नाही. ते सतत वाजत ठेवण्यात आहे.

आणि पॉप हुक अजूनही चालतो याचा पुरावा ‘गॉडझिला’, २०२० सालचं. रॅपर-गायक ज्यूस वर्ल्डचा हुक पूर्ण सुरेल, व्हर्स शेवटी बंदुकीसारखा. पण बासची उसळती ओळ हुक आणि व्हर्स दोन्हींखाली एकच चालते. ‘स्टॅन’चीच युक्ती, वीस वर्षांनंतर. २०२४च्या ‘हुडिनी’त स्टीव्ह मिलर बँड या रॉक बँडचं ‘अ‍ॅब्राकाडाब्रा’ आहे. तिथे हुक बदललेल्या शब्दांत एमिनेम स्वतःच म्हणतो, म्हणून तो उसना वाटत नाही.

अल्बमबद्दल थोडक्यात. ‘एन्कोर’ २००४चा, रिलीजच्या आधी काही गाणी लीक झाली आणि त्यांच्या जागी घाईत नवी केली, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. त्या काळात तो गोळ्यांच्या आहारी गेला होता. तिथला वरखालीपणा परिस्थितीचा. ‘रिलॅप्स’, २००९: एक ‘ब्युटिफुल’ सोडलं तर सगळं निर्माता डॉ. ड्रेचं, त्यामुळे आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसंध. तरी तो अनेकांना आवडला नाही, कारण त्यात त्याने विचित्र उच्चार धरले होते. म्हणजे एकसंध असला की अल्बम चांगला होतोच असं नाही, हे लक्षात ठेवा. ‘रिकव्हरी’मध्ये बॉय-वनडा, जस्ट ब्लेझ, जिम जॉन्सिन, डीजे खलील, अ‍ॅलेक्स द किड असे बाहेरचे बरेच निर्माते आले. प्रत्येकाने आपलं सर्वात मोठं वाटणारं गाणं दिलं. मोठी गाणी एकापाठोपाठ ठेवली की कोणतंच मोठं वाटत नाही. ‘रिव्हायव्हल’ १९ ट्रॅक, ७७ मिनिटं. ‘कामिकाझे’ १३ ट्रॅक, त्यातली दोन स्किट (नुसत्या बोलण्याचे छोटे तुकडे), एकूण पाऊण तास. ‘रिव्हायव्हल’मधून तुम्ही स्वतः अकरा गाणी निवडा: ‘रिव्हर’ ठेवा, ‘कॅसल’ आणि ‘अरोझ’ ही जोडी शेवटी ठेवा, रॉक सॅम्पलवाल्यांतलं एकच ठेवा. बराच बरा अल्बम हातात येतो. ‘रिव्हर’मधल्या एड शीरनच्या हुकला मी नावं ठेवणार नाही, त्यातला अपराधीपणा व्हर्समधल्या माणसाचाच आहे.

त्याच्या बाजूनेही एक सांगायला हवं. पंचेचाळिशी ओलांडलेला रॅपर ऐंशी हजारांच्या मैदानात उभा राहतो तेव्हा लोकांना सोबत गाता येईल असं काहीतरी लागतंच. जलद व्हर्स गर्दीला म्हणता येत नाही, हुक म्हणता येतो. तो निर्णय चुकीचा नाही, फक्त हेडफोनवर त्याची किंमत मोजावी लागते.

आता तुमचा ईपी. हुक घ्या, पण पाचपैकी एकाच गाण्यात, आणि पुढच्या क्रमाने.

आधी व्हर्स लिहा. निदान पहिले आठ बार तरी. हुक आधी तयार झाला असेल तर स्वतःला एकच विचारा: तिसऱ्यांदा हुक येईल तेव्हा व्हर्समुळे त्याचा अर्थ बदललेला असेल का? नसेल तर हुक दोनदाच ठेवा, किंवा दुसरा शोधा. गायिका कोण म्हणून गाते आहे, कोणाशी बोलते आहे, हे तिला सांगून मगच माइकसमोर उभी करा. आपल्याकडे गायिका चांगली मिळते आणि तिला नुसता ट्रॅक आणि शब्द पाठवले जातात. ती सुंदर गाते आणि गाणं दोन तुकड्यांत पडतं.

मग पट्टी. ती म्हणेल काळी चार किंवा काळी पाच. तुम्ही रॅप करता म्हणजे तुम्हाला पट्टी नाही असं समजू नका. तुमच्या बोलण्याचा आवाज कुठल्या तरी सुराभोवती फिरतो. दोन मिनिटं कोरडा रॅप रेकॉर्ड करा, ट्यूनरवर बघा, कुठला सूर वारंवार येतो ते पकडा. बीटचा षड्ज असा निवडा की तो सूर षड्ज किंवा पंचम ठरेल, आणि गायिकेला मग त्या स्केलमध्ये चाल वरखाली करून द्या. हे जमलं की व्हर्स संपून हुक सुरू होताना जो झटका बसतो तो अर्धा कमी होतो. तिची पट्टी ताणून तुमच्यासाठी बळी देऊ नका. तिला त्रास झाला तर तो हुकमध्ये ऐकू येतो.

वेग ८५ ते ९५ ठेवत असाल तर सोळा बारांची २५६ घरं होतात. व्हर्स कागदावर घरांत मांडा. दर दोन बारांत किमान चार घरं रिकामी दिसली पाहिजेत, आणि त्यातलं एक तरी स्नेअरच्या लगेच आधीचं हवं. मराठीत हे जास्त सांभाळावं लागतं, कारण आपल्या ओळी ‘आहे’, ‘होतं’, ‘नाही’वर संपतात आणि शेवटचं अक्षर लांबतं, ते लांबलेलं अक्षर पुढच्या ओळीचं घर खातं. क्रियापद आत घ्या, ओळ नामावर संपवा, घर मोकळं होतं.

बीट असा बांधा की बास किंवा मुख्य लूप, दोहोंपैकी एक गोष्ट हुक आणि व्हर्स दोन्हींखाली न बदलता चालेल. हुकमध्ये भर घालायची तर एकच: एक पॅड (मागे लांबत राहणारा सूर), किंवा टाळ्या, किंवा ओपन हॅट (झांजेचा मोकळा ठोका). मीटरवर दोन्ही भागांची लाउडनेस मोजा. हुक व्हर्सपेक्षा एक ते दोन एलयू (लाउडनेसचं एकक) वर असला की पुरे. तीनच्या पुढे गेला की व्हर्स परत येताना पडल्यासारखा वाटतो आणि ऐकणारा तिथेच गाणं बदलतो.

मिक्समध्ये रॅपला ८० ते १०० हर्ट्झखाली कट. डबल मुख्य आवाजाच्या ८ ते १० डेसिबल खाली, आणि फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दांवर. पूर्ण व्हर्सभर नको. बीटवर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये डायनॅमिक इक्यू लावा, म्हणजे तुमचा आवाज आला की बीटचा तेवढाच पट्टा दोन-तीन डेसिबल दाबणारा. गायिकेला दोन सेकंदांचा प्लेट रिव्हर्ब (लांब, गुळगुळीत घुमारा) हवासा वाटेल, द्या, पण सोबत अर्ध्या सेकंदाची एक छोटी रूम (खोलीसारखा आखूड घुमारा) तिच्या आणि तुमच्या दोघांच्या आवाजाला सारखी द्या. ‘बॅड हजबंड’मध्ये जे फाटतं ते या एका रूमने पुष्कळ सांधतं.

शेवटी एक तपासणी. हुक म्यूट करून गाणं ऐका, त्या जागी नुसता बीट वाजू द्या. गाणं तरीही उभं राहिलं तर हुक परत लावा. मग उलटं करा: व्हर्स म्यूट, फक्त हुक. तो एकटाच पुरेसा वाटला, तुमच्या रॅपची गरजच भासली नाही, तर ते गाणं तिचं आहे. मुखपृष्ठावर तिचं नाव आधी घाला, किंवा तिला ते देऊन टाका आणि ईपी चार गाण्यांचा करा.